दहा-सव्वीस-सव्वीस आणि शाळेचा दाखला

डिसेंबर २०२१ मध्ये खेड्यापाड्यांतल्या पहिली ते चौथीच्या शाळा पुन्हा भरल्या. आमच्या गल्लीतली पोरं आखूड झालेले गणवेश घालून निघाली आणि आमचा धाकटा दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिला. जामखेडला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. शाळा बंद होत्या ती पावणेदोन वर्षं तो तिथंच, पोत्यांच्या थप्पीवर वाढला. गिऱ्हाईक विचारायचं, "याला शाळा नाही का?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न यायचा, "सुपर फॉस्फेट आलंय का?"

त्याला घरी ठेवण्यामागे आमचं काही तत्त्वज्ञान नव्हतं. ज्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्याचं नाव घातलं होतं, तिनं बंद काळातली सगळी फी आधी भरा म्हटलं. भरणार नसाल तर दाखलाही मिळणार नाही म्हटलं. मोबाइलवरच्या तासाला पोरगं टेबलाखाली जाऊन बसायचं, त्याची ही फी. आमचे हे चिडून म्हणाले, "राहू दे थोडे दिवस घरीच." थोडे दिवस म्हणता म्हणता दीड वर्ष झालं.

पुस्तकं नंतर आली. घरी शिकवणाऱ्या बऱ्याच घरांत हाच क्रम असावा. आधी कुठंतरी बिनसतं, मग मूल घरी राहतं, आणि आपण करतोय ते वेडेपणाचं नाही ना, हे तपासायला जॉन होल्ट वाचला जातो. होल्ट हे अमेरिकेतले शाळामास्तर. 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे त्यांचं पुस्तक १९६४ चं. वर्गात बसून त्यांनी जे टिपलं त्याचा मथितार्थ असा, की मुलं भितात, म्हणून त्यांची अक्कल गोठते. आणि मास्तरला हवं ते उत्तर कसं काढून घ्यायचं एवढंच ती शिकतात. पुढं शाळा सुधारण्याची आशाच त्यांनी सोडली आणि १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी पत्रिका काढली. त्याआधी १९७१ साली इव्हान इलिच यांचं 'डीस्कूलिंग सोसायटी' आलं होतं. शाळेनं शिकण्यावर मक्तेदारी बसवली, हा त्यांचा आरोप. दोघांचं वाचन एकत्र झालं की माणूस फार जोरात बोलायला लागतो. मीही दोन-तीन महिने बोलले. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ते खरं गं, पण त्याला पाढे येतात का?"

घरी शिकण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, पण त्यांत मुख्य भेद एकच. काही घरांत शाळाच घरात आणतात: वेळापत्रक, बालभारतीची पुस्तकं, रविवारी चाचणी. काही घरांत वेळापत्रकच नाही, मूल ज्याच्या मागे लागेल ते शिकणं. होल्ट यांचा 'अनस्कूलिंग' हा शब्द तोच. पुण्या-मुंबईत दोन्ही प्रकारची घरं आहेत, 'स्वशिक्षण' या नावानं देशभरच्या अशा पालकांची संघटनाही आहे. जामखेडात आम्ही एकटे. अरविंद गुप्तांनी फुकट उपलब्ध करून दिलेली खेळण्यांची नि विज्ञानाची पुस्तकं, बालभारतीच्या संकेतस्थळावरची पाठ्यपुस्तकं, आणि एका मैत्रिणीनं दिलेले 'पालकनीती'चे जुने अंक, एवढ्यावर आमचं विद्यापीठ उभं राहिलं.

पहिल्या महिन्यात मी कालनिर्णयच्या पाठीमागं वेळापत्रक लिहिलं. नऊ ते दहा मराठी, दहा ते अकरा गणित. आठव्या दिवशी ते मोडलं. नऊ ते अकरा ही दुकानात गर्दीची वेळ. आणि मृग लागल्यावर तर बियाण्याच्या पिशव्या मोजण्यात दिवस जातो. मग ठरवलं, जेवणाआधी एक पान वाचायचं, एक पान लिहायचं. बाकी दिवस त्याचा.

तो बाकीचा दिवस कसा जायचा ते सांगते, कारण घरी शिकण्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात हाच भाग गाळलेला असतो. बराचसा दिवस वाया जायचा. दुपारी तो पोत्यावर झोपायचा, नाहीतर मोबाइलसाठी भुणभुण लावायचा. तीन-तीन दिवस पान वाचलं जायचं नाही. मी ओरडायचे, मग त्याच्यापेक्षा मलाच रडू यायचं. आणि मग एखाद्या दिवशी काहीतरी घडायचं.

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असं लिहिलेलं असतं. हे काय, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं, शंभर किलोत दहा किलो नत्र, सव्वीस किलो स्फुरद, सव्वीस किलो पालाश. पोतं पन्नास किलोचं. मग यात किती? त्यानं बोटं मोडली, पोत्यावर खडूनं मांडलं: पाच, तेरा, तेरा. मग डीएपी, १८:४६. नऊ आणि तेवीस. युरियानं मात्र त्याला घोळात घेतलं, कारण ते पोतं पंचेचाळीस किलोचं आणि नत्र शेकडा छेचाळीस. त्याला दशांश अपूर्णांक कोणी शिकवलेला नव्हता. वीस किलो आणि "थोडं" असं त्यानं लिहिलं. त्या थोड्याचं सातशे ग्रॅम करायला आम्हांला चार दिवस लागले, तराजू काढून.

खरी गंमत पुढं झाली. एका सकाळी म्हणाला, "आई, पाच, तेरा आणि तेरा म्हणजे एकतीस. पोतं पन्नासचं. मग उरलेले एकोणीस किलो काय आहे? माती?" मला उत्तर येईना. कंपनीचा प्रतिनिधी आला, त्याला विचारलं. त्यानं हसून विषय बदलला. आठवड्यानं कृषी पदवीचा एक मुलगा बियाणं न्यायला आला. त्यानं ओट्यावर बसून सांगितलं, की नत्र एकटं येत नाही, ते दुसऱ्या मूलद्रव्यांना धरून येतं, आणि त्या धरून आलेल्यांचंही वजन असतं. "तू दुकानात आलास तर चपलेसकटच वजन होणार ना?" पोरगं खूष. मी मात्र रात्री विचारात पडले. प्रश्न घरात उगवला, पण उत्तर घरात नव्हतं. कृषी पदवीचा मुलगा त्या आठवड्यात आला नसता तर ते 'माती'वरच थांबलं असतं.

कीटकनाशकांच्या बाटल्यांवर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो त्याचा पहिला धडा होता, वाचायला येण्याच्या आधीचा. रंग ओळखून हात लावायचा की नाही ते ठरायचं. वाचायला तो त्या बाटल्यांवरच्या जोडाक्षरांवर शिकला. 'इमिडाक्लोप्रिड' सरळ म्हणायचा आणि 'आई' ऱ्हस्व लिहायचा.

जुलै २०२२ मध्ये राज्यात 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' नावाची मोहीम निघाली. शिक्षकांनी घरोघरी जाऊन शाळाबाह्य मुलं शोधायची. आमच्याकडे आलेल्या बाई ओट्यावर टेकल्या, चहा घेतला, धाकट्याला जवळ घेऊन वाचायला लावलं. त्यानं हाताला लागेल ते वाचून दाखवलं. बाईंनी कागद चाळला. म्हणाल्या, "वाचतोय की हो चांगलं. पण ताई, माझ्याकडे 'घरी शिकतो' असा रकानाच नाही." मग त्यांनी जे लिहायचं ते लिहिलं, आणि निघताना सांगितलं की आता गावाबाहेरच्या पालांवर जायचंय. तिथल्या पोरांचा आणि आमच्या पोराचा रकाना एकच.

कायद्याची स्थितीही काहीशी अशीच आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्याच दुरुस्तीनं पालकांवर एक कर्तव्यही टाकलं: मुलाला शिक्षणाची संधी द्यायची. संधी शिक्षणाची, शाळेची नव्हे. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याचं दहावं कलम म्हणतं, की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. तिथं शब्द शाळेचा आहे. या दोन शब्दांच्या फटीत आपल्याकडची घरी शिकणारी मुलं राहतात. दाखल न करणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र कायद्यात ठेवलेली नाही. म्हणजे परवानगी नाही, बंदी नाही, विचारणाराही सहसा नाही. जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबाला हा ऐसपैसपणा मिळत नाही. तिथं मूल शाळेतच गेलं पाहिजे. एका कुटुंबानं त्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, तर २००६ साली न्यायालयानं जर्मनीचीच बाजू उचलून धरली. अमेरिकेत उलट, सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, फक्त कागदपत्रांची कटकट राज्यागणिक वेगळी. आपल्याकडे कटकटही नाही. मला ते सुरुवातीला सोयीचं वाटलं. नंतर लक्षात आलं, की ज्याची कुठं नोंदच नाही, त्याला मदतही कोणी करू शकत नाही.

आणि घरी शिकणं ही काही पुण्या-मुंबईची नवी टूम नाही. आमच्या तालुक्यात सीना नदीकाठी चौंडी आहे. ३१ मे १७२५ ला अहिल्यादेवींचा जन्म तिथला. मुलींनी शिकायचं नाही अशा काळात वडील माणकोजी शिंदे यांनी तिला घरीच अक्षरओळख करून दिली असं सांगतात. पुढचं शिक्षण सासऱ्यांनी केलं. मल्हारराव स्वारीवर असत आणि पत्रांतून सुनेला कामं सांगत. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायची आज्ञा आहे. प्रकल्पातून शिक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? एकोणिसाव्या शतकात बघा. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, तीर्थयात्रेच्या वाटेवर. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' म्हटलं तेव्हा तिनं शाळेचा उंबरा ओलांडलेला नव्हता. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी घरी शिकवलं, कधी मारूनही, आणि १८८६ साली ती अमेरिकेतून डॉक्टर झाली. रमाबाई रानड्यांचं शिक्षणही घरातलंच; सासरच्या बायकांच्या टोमण्यांसकट ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मराठी मुलगी आधी घरीच शिकली.

पण कोणाच्या घरी? इथं मला होल्ट आणि इलिच दोघंही अपुरे वाटतात. सावित्रीबाईंनाही अक्षरं घरात, जोतीरावांकडून मिळाली. मग त्या आमच्याच नगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घ्यायला आल्या, आणि १८४८ मध्ये पुण्याला भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. घरी शिकलेल्या बाईला शाळा का काढावीशी वाटली? कारण बाकीच्या घरांत शिकवायला कोणी नव्हतं. त्यांची चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय'ही नगरचंच पत्र, १८४२ मध्ये निघालेलं. त्या मुलीला कोणी म्हटलं असतं, शाळा कशाला, घरीच शीक, तर तो निबंध कुठून आला असता? पंडिता रमाबाईंच्या आईला संस्कृत येत होतं. मुक्ताच्या घरी विद्येचा दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून लावलेला होता. घरी शिकण्याची सगळी कौतुकं घरात आधीच काय साठवलंय यावर उभी असतात. आमच्या घरात खताची पोती होती आणि बारावी झालेली आई.

आईबद्दलही एक सांगायचं राहतं. पुस्तकांत 'पालक' असा शब्द असतो. प्रत्यक्षात तो शब्द बाईचाच असतो. दुकानाचा हिशेब, तिन्ही सांजेचा स्वयंपाक, सासूबाईंची गोळ्यांची वेळ आणि वर पोराची जोडाक्षरं. आमचे हे मन लावून शिकवत, पण रविवारी.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली, पलीकडे पाटोदा-आष्टीची, पाथर्डीची माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. लहान मूल मागं ठेवायला म्हातारं माणूस नसेल तर ट्रकमध्ये भांड्यांवर त्यालाही चढवतात. पाच-सहा महिने कोपीत, कारखान्याच्या फडावर. ही मुलंसुद्धा त्या काळात आईबापांजवळ, काम बघत, काम करत वाढतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते, पाणी आणते, मोळ्या मोजायला शिकते. इलिच यांच्या व्याख्येत हे सगळं बसतं. पण त्याला कोणी घरचं शिक्षण म्हणत नाही, आणि म्हणूही नये. कारण ती मुलगी फडावर आहे ते तिला किंवा तिच्या आईला तसं हवंय म्हणून नव्हे. आमच्या मुलानं शाळा सोडली, तिची शाळा सुटली. दोन अक्षरांचा फरक आहे आणि सगळा फरक त्यातच आहे.

या मुलांसाठी काय काय करून झालं तेही पाहण्यासारखं आहे. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं आली. गाव सोडताना हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथली शाळा त्याला बसवून घेईल आणि परत आल्यावर त्याच वर्गात जागा राहील, अशीही व्यवस्था आहे. कागदावरच्या सगळ्या योजनांत मला ही सगळ्यांत शहाणपणाची वाटते. साधा कागद, पण त्यात परत यायची सोय आहे. याचा पूर्वज शोधायचा तर कोसबाडला जावं लागेल. तिथं बालवाडी चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पाहिलं, की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखतात. मग त्यांनी कुरणातच शाळा नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलाला शाळेत ओढण्याऐवजी शाळेनं मुलामागं जायचं, ही कल्पना घरी शिकवणाऱ्यांची वाटते, पण ती बालवाडीवाल्यांची आहे.

शाळेबाहेर शिकण्याचा एक मोठा प्रयोग नकाशावर बघायला गेलं तर बोट जामखेडवरच येतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावातून एकेक बाई निवडली. गावानंच निवडलेली, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही टाकलेल्या. या बाया आठवड्यातून एकदा प्रकल्पात यायच्या, मुक्कामाला राहायच्या, गोल करून बसायच्या. या आठवड्यात गावात काय दिसलं ते प्रत्येकीनं सांगायचं. कोणाचं मूल वाळलं, कोणाची विहीर गढूळ झाली, कोणाला पाचवा महिना लागला. त्यावर बोलणं, एखादी नवी गोष्ट, मग परत गावी जाऊन करून बघायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा हिशेब. वह्या नाहीत, परीक्षा नाही. १९७१ साली या भागात हजार बाळांमागं १७६ दगावत होती. नव्वदच्या दशकापर्यंत तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरचे डॉक्टर त्या गोलात बसायला येऊ लागले. मुक्ताबाई पोळ या त्या बायांतल्याच एक. १९८८ मध्ये वॉशिंग्टनला मोठ्या सभेत त्या बोलल्या.

मी प्रकल्पाचं आवारही पाहिलंय आणि आरोळे दांपत्याचं १९९४ चं पुस्तकही वाचलंय, आणि दर वेळी एकच गोष्ट नजरेत भरते. या बाया शाळेबाहेर शिकल्या, पण एकट्या शिकल्या नाहीत. आठवड्याचा गोल कधी चुकला नाही. चुकलं तर सांगायला कोणीतरी होतं, विचारायला होतं, आणि आपल्यासारखीच दुसरी होती. आमच्या पोराकडे ते नव्हतं. त्याच्याकडे मी होते.

परतीच्या वाटांबद्दल आता, कारण पालक मला येऊन विचारतात ते हेच. दहावीला बसायचं तर मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, मराठीतूनही. पाच वर्षांत नऊ वेळा प्रयत्न करायची मुभा, एकेक विषय सोडवत जायचा. त्याआधीच्या मुलांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पायऱ्या आहेत. राज्यानंही आपलं मुक्त विद्यालय मंडळ काढलं आहे. अडचण पुढं यायची. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसू द्यायचं नाही असा नियम होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला.

घरी शिकणाऱ्यांच्या प्रत्येक गप्पांत मालविका जोशीचं नाव निघतं. मुंबईची मुलगी, आईनं सातवीतून काढली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं तिला घेतलं. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. गोष्ट खरी आणि सुंदर आहे. पण ती आधाराला घेणं म्हणजे सचिनकडे बघून पोराचं शिक्षण थांबवण्यासारखं आहे. मला त्यापेक्षा गोव्याच्या राहुल अल्वारिसची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. दहावी झाल्यावर, १९९५ मध्ये, त्यानं आईवडिलांच्या संमतीनं एक वर्ष सुट्टी घेतली. म्हापशाला शोभेच्या माशांच्या दुकानात काम केलं, पुण्याच्या सर्पोद्यानात आणि मद्रासला साप-मगरींमध्ये राहिला, आणि ते सगळं 'फ्री फ्रॉम स्कूल' या पुस्तकात लिहून काढलं. एकच वर्ष. हातात दहावीचं प्रमाणपत्र होतंच. ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे तो निवांत भटकतो. याच्या उलट बाजूचं नावही मोठं आहे. गांधीजींनी आपल्या मुलांना शाळेत घातलं नाही. आफ्रिकेत त्यांनीच त्यांना शिकवलं, वेळ मिळेल तसं. मुलांना पुरेसं अक्षरशिक्षण देता आलं नाही ही खंत त्यांनी आत्मकथेत मांडली आहे, आणि थोरल्या हरिलालनं ती गोष्ट कधी माफ केली नाही. ज्या माणसानं पुढं वर्ध्याला नई तालीम मांडली, त्याच्याच घरातली ही तक्रार आहे.

आमच्याकडे तक्रार लेखी आली नाही. दुसऱ्या वर्षी, साधारण पावसाळ्यानंतर, मला दुकानाच्या गल्ल्यात एक वही सापडली. त्यात धाकट्यानं हजेरी मांडली होती. आडव्या रेषा, उभ्या रेषा, वर तारखा. डावीकडे अनुक्रमांक एक, त्यापुढं त्याचं नाव. खाली दुसरं नाव नाही. सत्तावीस दिवस त्यानं स्वतःला हजर लावलं होतं, दोन दिवस गैरहजर. त्या दोन दिवसांत त्याला ताप होता.

संध्याकाळी पाचला गल्लीतली पोरं परतायची तेव्हा त्यांच्या बोलण्यात गुरुजींच्या नकला असायच्या, परिपाठाला कोण चुकलं ते असायचं. हा हसायचा, पण एक क्षण उशिरा. त्याला युरियातलं नत्र काढता येत होतं. खो-खोत कोणाच्या पाठीला हात लावायचा ते येत नव्हतं.

जून २०२३ मध्ये आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. दाखला नव्हताच. मी कायद्याची कलमं पाठ करून गेले होते, की दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयानुसार वर्ग द्यावा लागतो. काहीच म्हणावं लागलं नाही. मुख्याध्यापकांनी जन्मदाखला आणि आधार बघितलं, वय मोजलं आणि चौथी म्हणाले. "काय काय येतं रे तुला?" पोरगं म्हणालं, "खतं." गुरुजी मान वर करून हसले आणि पट वाढला म्हणून खूष झाले.

पहिले दोन महिने शुद्धलेखनानं त्याला छळलं आणि मलाही. भागाकाराची शाळेची रीत त्याला अजून विचित्र वाटते. उत्तर आधी सांगतो, रीत मागून जुळवतो. गुरुजींनी एकदा त्याच्याकडून वर्गात दहा-सव्वीस-सव्वीसचं पोतं फळ्यावर मांडून घेतलं. एकोणीस किलोचा प्रश्न त्यानं वर्गाला घातला, आणि उत्तर आपल्याच दुकानात मिळतं असंही सांगून आला.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर दप्तर टाकायच्या आधी त्यानं सांगितलं होतं, "माझा नंबर एकोणतीस आहे." दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी जेवताना म्हणाला, "आता हजेरीला सहा नंबर गप्प असतात. गुरुजी तरी नावं घेतात." गुढीपाडव्यापर्यंत त्यातले चार परत आले.